डावं पातं

उद्यमनगरात, आवट्यांच्या फौंड्रीमागच्या शेडमध्ये
ताडपत्रीखाली उभं असतं ते,
चार पायांवर, माझ्याकडं जरा उतरतं.
गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलातनं
काजूच्या पोत्यांबरोबर टेम्पोतनं आलेलं.
वरच्या काचेवर वाघावर बसलेली बाई,
तिच्या नाकाचा रंग उडालाय.
आकड्यांची चाकं चालतात, फक्त लाखाचं अडकलंय शून्यावर.
म्हणजे कितीही खेळलो
तरी मी हजारांतलाच.

गोळी मात्र आमची.
मूळची हरवली तेव्हा पिराजी लोहारानं
एका मोडक्या बेअरिंगातनं काढून दिली.
तळहातावर घेतली की आधी गार,
मग तुमच्याइतकी गरम.

पहिलं वर्ष नुसती बटणं बडवण्यात गेलं,
दोन्ही हात एकदम,
शेतात पाखरं हाकलायला डबा वाजवावा तसं.
मग कळलं, मारण्याआधी थांबायचं असतं.
पातं उचलून धरायचं.
गोळी घरंगळत येते, त्याच्या कुशीत बसते,
म्हैस गोठ्यात पाय मोडून बसते तशी, सुस्कारा टाकून.
दिवे लुकलुकत राहतात. घाई त्यांना.
मग बटण सोडायचं, गोळी टोकाकडं सरकू द्यायची.
डाव्या बोळात घालायची तर लवकर,
उजवी घंटा वाजवायची तर
अगदी पडेल पडेल असं वाटेस्तोवर नाही.

आणि धक्का.
तो कमरेनं द्यायचा.
आत एक लंबक लोंबतो, गवंड्याचा ओळंबा जणू,
भोवती तांब्याचं कडं.
कड्याला शिवला की दिवे जातात, पाती मरतात,
गोळी तुमच्यादेखत खाली जाते.
तेव्हा इतकंच हलवायचं,
झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करताना
जेवढं हलवतो.

भाची अन्वी म्हणाली, मामा, हे सगळं यात आहे की.
मोबाईलमधली गोळी चकाकत होती, घंटा खणखणीत,
लाखाचं चाकसुद्धा फिरत होतं.
मी खेळलो. हरलो नाही फारसा.
पण अंगठ्याला उलट कुणी ढकलत नव्हतं.
मग तिला शेडमध्ये आणलं,
खोक्याच्या कुशीला तळवा लावायला सांगितला
आणि गोळी सोडली.
"आई गं," हात मागं घेत ती म्हणाली,
"आत कोण आहे?"

गेल्या उन्हाळ्यात डावं पातं दमायला लागलं.
तिसऱ्या गोळीपर्यंत कॉइल तापायची,
हात उचलता उचलता राहून जावा तसं व्हायचं.
दस्तगीर मुजावर आला, मोटार रिवाइंडिंगवाला.
पोट उघडलं : वायरींचा गुंता,
व्हार्निशचा, जळक्या धुळीचा वास,
एक पन्नास पैशाचं नाणं.
नवी कॉइल भरून म्हणाला,
"आता बैल बी उचलंल मर्दा."

त्या संध्याकाळी मला खेळता येईना.
गोळी काचेवर आदळायची,
बोळ चुकायचा, घंटा चुकायची.
बारा वर्षं माझ्या बोटांनी
त्या अशक्त पात्याचा हिशोब करून ठेवलेला,
आणि मी त्याला माझं कसब समजत होतो.
नाही, कसबच होतं ते.
पण एकट्याचं नव्हतं.

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी दुकानात गेलो,
खाली बघत म्हणालो, थोडे वेढे कमी कर की.
"कमी नव्हं. वाढवाय पायजेत.
तार वाढली की जोर घटतो."
मला जन्मभर उलटं वाटत होतं.
हसला नाही.
ओठांतल्या ओठांत मोजत
त्यानं बारीक तारेची कॉइल भरली,
नि पैसे दोन्ही वेळचे घेतले.

आता गोळी डाव्या कुशीत बसलीय.
"मार की," अन्वी म्हणते.
पलीकडं भट्टी पेटलीय, पंख्याच्या घरघरीनं
जमीन बारीक थरथरते,
पायांतनं वर, खोक्यात, ओळंब्यापर्यंत.
"थांब."