वळचण मोजताना

रायला रेबेलोंच्या घरी टेप घेऊन गेलो
तेव्हा चवथ होऊन गेली होती,
पाऊस आता येऊन-जाऊन.
एका घराचे दोन नकाशे करायचे होते:
उत्तरेकडचा कायतानचा, दक्षिणेकडचा पिएदादचा.
सोप्यातून खडूची रेघ कुणी आधीच ओढून ठेवलेली.

भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं की घर संपतं,
असं आम्हाला शिकवलेलं.
शिडी धरून पुरसो मेस्त उभा होता. म्हणाला,
‘बाहेरचं राहिलं.’
बाहेरचं काय?
त्यानं बोट वर केलं नाही, खाली केलं.

जोत्यापासून दीड हातावर
तांबड्या मातीत खळग्यांची ओळ,
प्रत्येक नळ्याखाली एक, पेरभर खोल,
तळाशी धुऊन निघालेले बारके खडे.
कुणी खणलेली नाही.
पागोळ्यांनी, वर्षानुवर्षं
एकाच जागी पडायचा हट्ट धरून.
‘घर इथवर,’ मेस्त म्हणाला.
‘भिंत आपली मधेच उभी आहे.’

मग शिडीवर चढून त्यानं वाशाच्या टोकाला हात लावला.
भिंतीवर येऊन थांबतो तो वासा नव्हे, खुंटी.
वाशानं भिंत ओलांडायची,
थोडं खाली वाकायचं.
फार पुढं गेला तर वारा त्याच्याच शेंडीला धरून
छप्पर उचलतो.
फार मागं राहिला, तर
(इथं तो बोलायचा थांबला,
आणि आम्ही दोघं उत्तरेकडे वळलो.)

दोन वर्षांपूर्वी कायतानला गाडी लावायची होती.
पाखं आडवं येत होतं, म्हणून वासे करवतीनं
भिंतीबरोबर कापून घेतलेले.
आढ्याचं पाणी वळचणीला जातं म्हणतात.
वळचणच नसेल तर कुठं जातं
ते त्या भिंतीवर लिहिलेलं होतं:
चुना केव्हाच गेला, मातीला पन्हळी पडल्या,
चिऱ्याच्या सांध्यातून नेचे उगवलेले,
खिडकीची चौकट फुगून
आता ना उघडत, ना मिटत.
खाली जमिनीत खळगे नव्हते.
सगळे भिंतीत होते.

दक्षिणेला पिएदादनं मला खिडकीपाशी नेलं.
वैशाखात ऊन इथं बाहेरच उभं राहतं, म्हणाली,
नाताळच्या सुमारास मात्र वाकून आत येतं,
थेट शिवणयंत्राच्या पायट्यापर्यंत.
तेवढ्यावर ती सुईत दोरा ओवते. चष्मा लागत नाही.

वळचणीखाली तिच्या:
सोडणं, एक वल्हं, कुणाचं ते ठाऊक नाही,
कुळथाची रिकामी पोती,
खुडूक कोंबडी,
आणि मडगावची बस चुकली की बसायला
शेजारणीनं आणून ठेवलेला दगड.

‘हे कुठं लिहिणार?’ तिनं विचारलं.
माझ्या कागदावर सोपा होता, बल्कांव होता,
न्हाणी, विहीर, माडांची संख्या.
भिंतीबाहेर सगळं मोकळी जागा.
मी म्हटलं, सत्तर सेंटिमीटर.
ती म्हणाली, आकडा नव्हे, नाव विचारतेय.

तेवढ्यात सर आली, कोपऱ्यावरून, तिरकी.
कोंबडीनं फक्त मान आत घेतली.
कायतान त्याच्या दारात किल्ली शोधत होता,
डोक्यावर काहीच नाही, नळ्यांचं पाणी सरळ मानेत.
चारसहा पावलं टाकून तो इकडे आला,
आमच्यात उभा राहिला. बोलला नाही.
गेल्या ईस्टरपासून ही दोघं बोलत नाहीत,
हे मला बसमध्येच कळलेलं.
पिएदादनं पायानं एक पोतं बाजूला सारलं.

पाण्याचा एकेक धागा आपापल्या खळग्यात उतरत होता.
आमच्या नकाशात छपराची बाहेरची कड
तुटक रेषेनं दाखवतात,
म्हणजे आहे, पण जमिनीवर नाही.
मी पेन्सिल काढली, थेंबाथेंबानं ती रेषा ओढत गेलो,
खडूची खूण आली तिथं थांबलो नाही लगेच,
दोन टिंबं पुढं गेली, मग खोडली.

कायतान रेषेच्या आत उभा होता.
एका टाचेवर मात्र
पाणी पडत होतं.