चकाकी

ती आली तेव्हा मी चार नंबरच्या विमानाचा
ऑइल फिल्टर कापत होतो.
बुटांवर दोन दिवसांच्या बसची धूळ,
बगलेत तीन शाळांची माहितीपत्रकं:
एक फ्लोरिडाचं, एक मनिलाजवळचं, एक आमचं.
तिन्हींवर तेच निळं आकाश, तेच दात काढणारं पोर
आणि खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या.

‘मुटिंटा हामूंगा. झांबिया. चोमा,’
रेडिओवर आधी आपण कोण ते सांगतात, तसं म्हणाली.
‘ऑफिसात सांगितलं, विमानं नऊ आहेत.’

आहेत की. मोज.
ह्याला इंजिन नाही.
त्याच्या पंखात चिमण्यांचं दुसरं बाळंतपण चाललंय.
त्या दोघांचं सामान काढून हे तिसरं उडतं.
नऊ भिंतीवर टांगायला, पोरी.
उडायला चार.

कुंपणापलीकडे शहामृगं माना उंचावून उभी.
अख्ख्या कारूत एवढे पंख कुणाकडे नाहीत,
आणि एकानेही कधी फी भरली नाही.

तिने वही काढली. प्रश्न लिहून आणले होते,
शाईचे, आकडे घालून.
मास्तर किती दिवस टिकतात?
एअरलाइनचा फोन येईपर्यंत. फोन आला की
अर्धा चहा तसाच. गेल्या साली एका पोराने
चार मास्तर पाहिले, चौघांकडे पहिलाच धडा.
पैसे सगळे आधी?
बाबा रेल्वेत सिग्नलमन होते, म्हणाली,
पेन्शनची रक्कम एकदाच येते.
मग ती एकदाच जाऊ देऊ नकोस.
टाकीतसुद्धा आम्ही प्रवासापुरतं भरतो.
आणि हे लायसन तुमच्याकडे चालतं का,
ते तुमच्या माणसाकडून लेखी घे.
आमचा मालक तोंडी सगळंच देतो.

एक प्रश्न वहीत नव्हता.
‘तुम्ही का नाही शिकलात?’

मी पाना खाली ठेवला.
तुझ्या वयाचा होतो तेव्हा त्या दारावर पाटी होती,
कुणी आत यायचं त्याची.
पाटी निघाली तोवर घरात दोन लेकरं,
आणि पगार याच हातांना मिळायचा.
अडतीस वर्षं मी यांची पोटं उघडतोय.
दुरुस्तीनंतर चाचणीला वर नेतात मला,
मागच्या सीटवर, वजन म्हणून.
त्र्याऐंशी किलो. तेवढाच माझा वैमानिकपणा.

ती काही म्हणाली नाही. बरं केलं.

फिल्टरचा कागद मी उन्हात उलगडला,
घडी घडी करून, काळा, ओला.
‘काय शोधताय?’
चकाकी. सापडू नये म्हणून शोधायची.
ती गुडघ्यांवर बसली. माहितीपत्रकं बाजूला.
माझा चष्मा तीन घड्यांवरून पुढे गेला होता,
तिचं बोट मागेच थांबलं.
‘हे?’
मोहरीच्या सालाएवढा कण.
चुंबक धरलं. आला चिकटून.

लोखंड. म्हणजे आत काहीतरी काहीतरी खातंय.
मी लाल पट्टी काढून चार नंबरच्या पंख्याला बांधली.
उडायला तीन.

मालक ऑफिसातून ओरडतच आला.
दुपारच्या वेळापत्रकात दोन विद्यार्थी,
एकाची परीक्षा, वगैरे. मी ऐकून घेतलं.
मग खाली आवाजात: ‘ती पोरगी कुठाय? सही केली?
तिला काय सांगितलंस, खावी?’
फिल्टर दाखवला, म्हटलं.

साडेतीनच्या बसने ती गेली होती.
काय ठरवलं, कुणाला बोलली नाही.
बाकावर एक माहितीपत्रक राहिलं, फ्लोरिडाचं,
निळ्या आकाशात मधोमध
तिच्या अंगठ्याचा काळा ठसा.
विसरली की ठेवून गेली, कोण जाणे.

सात नंबर रात्री तेल गाळतं.
मी ते खाली अंथरलं.