खडूची जागा

सातपूरच्या शाळेचा हॉल साडेसहानंतर आमचा,
म्हणजे किल्ली गोरखमामांच्या करगोट्याला
आणि मामा चहाला गेलेले.
तोवर पायरीवर तालीम. थंडी निफाडकडून येते,
सगळ्यांचा 'स' दातांतच गोठतो.

दिवसभर मी कंपनीत व्हर्नियर धरतो,
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर जॉब परत.
इथे अकरा पोरं एका रेषेत उभी राहत नाहीत.
पहिल्या आठवड्यात मी ओरडलो.
दुसऱ्या आठवड्यात खडूने फरशीवर फुल्या मारल्या,
फुलीशेजारी ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर.
तिसऱ्या आठवड्यात पोरं बरोबर फुल्यांवर उभी राहिली
आणि नाटक मेलं.

नाटक माझं होतं. त्यात एक बाप होता,
तो शेवटी मुलीला जवळ घ्यायचा, दिवे मंद व्हायचे.
आदेश पगारे म्हणाला, सर, असं कोण करतं?
मी म्हटलं, नाटकात करतात.
मग नाटकातच जाऊन राहतो, म्हणाला.
सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

रात्री शेवटचं पान फाडलं.
दुसऱ्या दिवशी विचारलं, मग काय करतो बाप?
बराच वेळ कोणी बोललं नाही.
निखत, जी नुसती वही धरून बसायची, ती म्हणाली,
मोबाइल चार्जिंगला लावतो.
आणि विचारतो, जेवलीस का.

हे ठेवलं.

ओमच्या आईचा फोन: प्रिलिम तोंडावर आहे,
यातून नक्की मिळतं काय?
आवाज मिळतो, मी म्हटलं.
तो घरात आधीच खूप आहे, त्या म्हणाल्या.
तरी भावाकडून सेट त्यांनीच मिळवून दिला:
द्राक्षांचे चाळीस क्रेट, पिंपळगावहून,
खुडा सुरू व्हायच्या आत परत, या बोलीवर.
त्यांचंच घर, त्यांचाच बसस्टॉप,
बसलं की मांडीवर जाळी उमटते.

मुलीचं काम कावेरी गांगुर्डेचं.
साडेसातचा भोंगा झाला की ती
वाक्य अर्धं टाकून दप्तर उचलायची.
मग पात्रच तसं केलं, भोंगा झाला की निघून जाणारं.
लोकांना ती दिग्दर्शकाची कल्पना वाटेल, म्हटलं.

प्रयोगाच्या दिवशी ती आली नाही.
फोन बंद. ओम सायकलवर अशोकनगरला जाऊन आला.
दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली,
पाहुण्यांकडे गेलेत, मुलीला घेऊन.
कसले पाहुणे, ते ओमने विचारलं नाही.
सोळाचा आहे तो. त्याला कळलं होतं.

निखत, म्हटलं, तुला सगळं पाठ आहे.
पाठ आहे, ती म्हणाली, म्हणूनच नाही.
तिची फुली रिकामी ठेवू या.

पडदा उघडला.
पोरं 'का' लिहिलेल्या जागेशी बोलली,
थांबली, तिच्या उत्तराइतकी, नेमकी तितकीच,
आणि पुढे बोलली.
मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातात चिवड्याची पुडी वाजत होती,
मग वाजायची थांबली.
भोंगा झाला. फुलीवरून कोणी उठलं नाही.
आदेशने मोबाइल चार्जिंगला लावला.
जेवलीस का, म्हणाला, खाली बघत.
तो थांबला तेवढा वेळ
माझ्याकडच्या कुठल्याच मापात बसत नव्हता.

परीक्षकांच्या कागदावर लिहून आलं:
एक पात्र गैरहजर. शिस्तीचा अभाव.
दोन्ही खरं आहे.

सोमवारी क्रेट टेम्पोत चढवले.
गोरखमामा बादली घेऊन हॉलमध्ये आले,
ओणवे होऊन त्यांनी वाचलं, 'का'.
का म्हणजे काय हो, सर?
मी म्हटलं, पुसा.
ओली होती तोवर फरशी कोरी वाटली,
वाळली तसं अक्षर परत वर आलं, पुसट.
खडू असाच असतो, मामा म्हणाले,
दोनदा पुसावा लागतो.
आणि चहाला गेले.