मागच्या सीटचा पट्टा

डोरीन, शनिवारी ये, पण पहाटे ये.
बूट दाराशी काढ. जेवलीस का, असं तिघी-चौघी विचारतील;
पोट भरलेलं असलं तरी वाटीतला भात उष्टव.
बहिणीचं बाळ तुझ्याकडे बघून हसेल.
किती गोड, असं म्हणायचं नाही.
म्हण, कुठलं हे माकड.
गोड म्हटलेलं ऐकायला कुणीतरी टपलेलं असतं.

वेदीसमोर बाक असेल, साधाच,
एक पाय किंचित आखूड.
न्हिया शू काका तोंडावर काळं फडकं ओढून बसले
की तो बाक राहत नाही, घोडा होतो.
घोडा आणि वेदी यांच्या मधून जायचं नाही.
मी गेले होते, नऊ वर्षांची असताना, रिमोट आणायला.
कुणी ओरडलं नाही.
आजीने मला मांडीत ओढलं, तिचा हात थरथरत होता,
तो थरकाप अजून
ओरडण्याहून मोठ्याने ऐकू येतो.

काका सत्तरीचे आहेत, तरी बाकावर उडी मारतात.
कंबर धरायला दोन पोरं असतात.
घसरले तरी आपण हात लावायचा नाही,
त्या वेळी ते इथे नसतात.
डुकराला आधी सांगतात, कशासाठी ते.
तुला बघवलं नाही तर आत कोथिंबीर निवडायला बस.
तेही कामच आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते.
बाबा तीन आठवडे बोलले नव्हते.
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ते घेतात.
आम्हाला वाटलं, आत्मा मेकाँगच्या काठी राहिला असेल,
जिथे रात्री बांबूच्या तराफ्यावरून
त्यांच्या धाकट्या भावाचा हात सुटला.
सगळं घर त्या नदीसाठी तयार होतं.
काकांनी शिंगाचे दोन तुकडे जमिनीवर टाकले.
नदी? नाही.
छावणी? नाही.
मग सहज, जणू पत्ता विचारावा तसं:
टर्की कापतात तो कारखाना?
शिंगं पडली, जशी पडायला हवीत तशी.

एकोणतीस वर्षं ती थंड खोली.
शेवटच्या दिवशी घड्याळ दिलं,
आणि मागच्या दाराने सोडलं.

मी आले तेव्हा गेटवर तू होतीस.
माझ्या हातात बाबांचा सदरा, एक अंडं, उदबत्त्या.
काय हरवलंय, तू विचारलंस.
वडिलांचं काहीतरी राहिलंय, मी म्हटलं.
तू फाटक उघडलंस, वहीत सही मागितली नाहीस,
आणि मी हाका मारायला लागले तेव्हा
टोपी काढून उभी राहिलीस.
हे तुला कुणी शिकवलं?

चला बाबा, थंडी आहे. इथे पायरी आहे. इथे बर्फ.
सदरा मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला.
मागे बघायचं नाही, म्हणून आरसा वर फिरवला.
पूल आला तेव्हा सांगितलं,
बाबा, खाली पाणी आहे, पण ही ती नदी नाही.

दारात आईने आतून विचारलं, आले का?
आले, मी म्हटलं. या म्हटलं सगळ्यांनी.
अंडं उकडलं. गुळगुळीत निघालं, एक खळगा सोडून.
खळग्याबद्दल कुणी बोललं नाही.
जेवताना बाबा म्हणाले,
तिथे अजून तेच दिवे आहेत का गं, गुणगुणणारे?

तर शनिवारी, डोरीन.
तुझ्याही मनगटाला पांढरा दोरा बांधतील.
तीन दिवस कापू नकोस, भांडी घासतानाही.
तू गेलीस की दारावर हिरवी डहाळी लावू,
मग तीन दिवस बाहेरचं कुणी आत येत नाही.
म्हणून, हातमोजा विसरलीस तर
परत फिरू नकोस. राहू दे.
चौथ्या दिवशी
मी गेटवर आणून देईन.