आला, पण रस्त्याने

रात्रपाळीत नियम समजावताना
मी आवाज खाली ठेवते,
दवाखान्यात ठेवतात तसा.

समोर आनेस्तिस, वय बावन्न, मेलबर्नचा पत्ता.
मागे त्याचा थोरला भाऊ थ्रासोस,
बुटांना चिखल, मुठीत ट्रकची किल्ली.
दोघांच्याही अंगाला कोंबड्यांचा वास,
आणि पासपोर्टच्या पानांत एक पांढरं पीस.

तिकीट असं होतं :
यानिना ते अथेन्स, अथेन्स ते दोहा, दोहा ते मेलबर्न.
पहिलं विमान संध्याकाळी सातचं, पन्नास मिनिटांचं.
अकरा-सी ही खुर्ची रिकामी उडाली.
पडद्यावर तेव्हाच उमटलं : प्रवासी आला नाही.
त्याखालच्या दोन्ही ओळी
आपोआप करड्या झाल्या.

"पण मी आलोय की," आनेस्तिस म्हणाला,
"हा काय उभा आहे."

हे वाक्य मी रोज ऐकते.
दर वेळी ते खरंच असतं.
आमच्या यंत्राला मात्र माणूस दिसत नाही,
क्रम दिसतो.
पहिल्या पायरीला पाय लागला नाही
तर दुसरीवर उभा असलेला तू
त्याच्या लेखी अधांतरी.

"चूक माझी," थोरला पुढे झाला.
"आईच्या चाळिसाव्याला आला होता हा.
मीच म्हटलं, विमान कशाला, मी सोडतो.
पन्नास मिनिटांत आमचं काय बोलून होणार?
आम्हाला सुरुवात करायलाच
दोनशे किलोमीटर लागतात."

मी विचारलं नव्हतं.
रांग संपल्यावर लोक
न विचारलेलंच सांगतात.

रिओच्या पुलापर्यंत म्हणे ते
कोंबडीखाद्याच्या भावाबद्दल बोलले.
रोगाच्या वर्षी किती पिल्लं पुरली, त्याबद्दल.
मग पूल आला, खाली काळं पाणी,
आणि टोलची पावती घडी करता करता
धाकटा म्हणाला :
बाबांच्या मातीला मी आलो नाही
कारण भाड्याला पैसे नव्हते.

"अकरा वर्षं," थ्रासोस मला म्हणाला, जणू मीच हिशेबनीस,
"अकरा वर्षं मी समजत होतो,
मन नव्हतं."

त्याला पडदा बघायचा होता.
फिरवून दाखवायची परवानगी नाही. मी फिरवला.
जाड बोट ओळींवरून हळूहळू उतरलं.
"म्हणजे एकदा आला नाही
की पुढचं सगळं रद्द?"
"हो."
"न विचारता?"
"न विचारता."

बराच वेळ त्याचं बोट काचेवरच होतं.
"बाई, हा नियम मी घरी चालवलाय.
ईस्टरचे फोन, रद्द.
मुलीच्या लग्नाची पत्रिका, रद्द.
आईने याचं नाव काढलं
की मी रेडिओ मोठा करायचो.
आणि मला त्याचा कुणी पगारही देत नव्हतं."

कुणी हसलं नाही.
आनेस्तिसने पीस उचललं,
कुठे ठेवावं कळेना, खिशात ठेवलं.

माझ्या हातात फारसं नसतं.
नवं तिकीट, उद्या रात्रीचं, अकराशे चाळीस युरो.
थ्रासोसने अंड्यांच्या पैशांची गुंडाळी काढली, रबर लावलेली.
धाकट्याने कार्ड.
दोघांचे हात काउंटरवर एकमेकांना ढकलू लागले,
मग आवाज चढले, त्यांच्या डोंगरी बोलीत,
त्यात लग्न आलं, रेडिओ आला,
कुणाच्या तरी विकलेल्या मेंढ्या आल्या.
सुरक्षारक्षक वळून पाहू लागला.
मी मानेनेच सांगितलं, राहू दे.
पैसे शेवटी कुणी दिले?
अर्धे-अर्धे. तेही कुरकुरत.

ते गेल्यावर नोंद बंद करावी लागते.
कारणाच्या रकान्यात पर्याय चार :
आजारपण, उशीर, कागदपत्रं, इतर.
मी इतर निवडलं.
खाली तीस अक्षरांची जागा.
लिहिलं : आला होता. रस्त्याने.

ट्रकच्या केबिनमधला दिवा
पहाटेपर्यंत चालू होता,
निदान मी सहाची बस पकडली तोवर.
एक जण हातवारे करत होता.
कोणता, ते काचेवरच्या वाफेमुळे
दिसलं नाही.