दर शंभर वेढ्यांना एक दोरा

त्र्याण्णव टक्के.
मग कारूपानोची वीज गेली.

नेलिदाच्या पत्रात शिव्या नव्हत्या,
नुसते आकडे होते, हजेरीपटासारखे:
मंगळवार एक्काहत्तर, बुधवार चाळीस,
गुरुवारी लागलंच नाही,
शुक्रवार त्र्याण्णव.
खाली एकच ओळ:
तुमच्या यंत्राला मोजता येतं, लक्षात ठेवता येत नाही.

मी इकडे मेरिदात, डोंगरातल्या थंडीत,
खांद्यावर घोंगडी टाकून बसलेला.
ते बटण मीच बनवलेलं.
सांगत फिरायचो, आमच्याकडे मालक नाही,
दाराशी पहारेकरी नाही,
तुमचा व्हिडिओ हजार घरांत थोडा थोडा राहील,
कुणा एकाच्या लहरीने पुसला जाणार नाही.
खोटं नव्हतं ते.
पण आत यायची वाट
माझ्यासारख्यांच्याच मापाची होती.
आधी ही किल्ली, मग ती किल्ली,
बावन्न अक्षरांचा परवलीचा शब्द,
फाइल अमुकच प्रकारची, तमुकच वजनाची,
आणि वीज?
ती असणारच, हे तर आम्ही कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं.
दार सताड उघडं,
उंबरा मात्र कमरेइतका.

शेवटी तिने पेनड्राइव्ह पाठवला
बसच्या ड्रायव्हरकडे.
नऊ दिवस, तीन ड्रायव्हर, तीन खिसे,
आणि शंभर टक्के पोचला.

अकरा मिनिटं.
जळालेल्या पंख्याची मोटर, टेबलावर वर्तमानपत्र.
फोन भाचा योनाइकरच्या हातात,
त्यामुळे सगळं घर किंचित बोटीत असल्यासारखं.
ती काळी पडलेली तार उकलते,
खाचा घासते, नवी तार भरायला घेते
आणि ओठांतल्या ओठांत मोजते.
शंभर झाले की लाल दोऱ्याचा तुकडा अडकवते.
पुन्हा एकपासून.

"दोरा कशाला?" कॅमेऱ्यामागून योनाइकर.

"अरे, कुणी दार वाजवतं, कधी दूध उतू जातं,
आकडा सुटतो.
मग काय पहिल्यापासून मोजत बसू?
शेवटचा दोरा शोधायचा नि पुढे जायचं."

मी ते वाक्य चारदा मागे नेऊन ऐकलं.
कॉलेजात सहा वर्षं घालवली होती मी.

त्या रात्री किल्ल्यांची जत्रा मोडली.
व्हिडिओचे तुकडे पाडले,
प्रत्येकाला त्याच्या पोटातल्या मजकुरावरूनच नाव दिलं,
पोचलेल्याची पावती फोनमध्येच ठेवली,
म्हणजे वीज आली की यंत्राने आधी विचारावं:
शेवटचा दोरा कुठे होता?
त्या दहा ओळींना मी नाव दिलं 'इलो'.
आमच्याकडे दोऱ्याला तेच म्हणतात.

शनिवारी कारूपानोत वीज तीनदा गेली.
एकोणीसवर थांबला, एकोणीसपासून निघाला.
अठ्ठावन्नवर थांबला.
पहाटे चार दहाला
हजार अनोळखी घरांत
नेलिदाचे हात थोडे थोडे पोचले.

दोन दिवसांनी तिने विचारलं,
सातव्या मिनिटाला मागून माझा भाऊ जातो,
अर्ध्या चड्डीत, हातात कॉफीचा कप.
तेवढा काढता येईल का?

मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
नाही येणार.
एवढ्या घरांत गेलेलं परत मागता येत नाही,
आणि याच गोष्टीचा मी इतके दिवस
अभिमान सांगत आलो होतो.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.
बहुधा वीज नसेल. बहुधा.
"राहू दे. मागच्या आठवड्यात तो पेरूला गेला.
चड्डीत का होईना, दिसतो तरी."

तेव्हापासून पाठवण्याआधी
व्हिडिओ एकदा आपोआप सुरू होतो,
पूर्ण, पहिल्यापासून, पुढे ढकलता येत नाही.
लोक कुरकुरतात, एवढं सोपं केलंत, मग हे का?
मी ऐकून घेतो. काढत नाही.

एक विचारायचं राहिलंय नेलिदाला.
पंखा बंद करून झाकण बसवते तेव्हा
ते लाल तुकडे ती काढून घेते,
की तसेच ठेवते
आत, तारेच्या वेढ्यांत?