एकशे बारा पाकिटं

सातारा–बामणोली एसटी. मांडीवर लॅपटॉप.
“ह्याचं अर्धं काढायचं का?” कंडक्टर विचारतो.

यवतेश्वराच्या वळणावर
एकशे बारा पाकिटं सोडली,
पोच आली एकोणसाठांची.

प्रोटोकॉल तारांच्या घरात वाढलेला:
पोच नाही म्हणजे पुढे गर्दी.
वेग निम्मा करतो,
मग त्याच्याही निम्मा.
पुढे तर चिटपाखरू नाही,
नुसता डोंगर आडवा.
माझ्या समीकरणात त्याला एक अक्षर दिलंय,
तेही ग्रीक.

अनिसा, तू बामणोलीच्या दवाखान्यात रुजू झालीस
आणि उत्तरं थांबली.
मला वाटलं, नव्या माणसांत रमली असशील.
फोन निम्मे केले,
मग

“ताई, कास आलं.”
शेवटपर्यंतचं द्या, म्हणते.
“सुटे काढा.”